भिंत इथली, सल्ला तिकडचा

घरासाठी ड्रिल मशीन घ्यायचं म्हटलं की हल्ली एकच सल्ला मिळतो. वायरवालं घेऊ नका, तो जमाना गेला. एखादी चांगली कंपनी धरा, तिची अठरा व्होल्टची बॅटरी घ्या आणि मग त्याच बॅटरीवर चालणारी हत्यारं एकेक करून जोडत जा: आज ड्रिल, दिवाळीला ग्राइंडर, पुढच्या वर्षी करवत. व्होल्ट जितके जास्त तितकं उत्तम. आणि हो, पक्कड-स्क्रू ड्रायव्हरवर उगाच पैसे घालू नका, ते कुठलंही चालतं. सांगणाऱ्यांत दुकानदार असतो, चार व्हिडिओ पाहून जाणकार झालेला मेहुणा असतो, अमेरिकेहून सुट्टीवर आलेला मित्रही असतो. तिघंही एकच सांगतात म्हटल्यावर गिऱ्हाइकाची खात्री पटते आणि दहा-बारा हजारांची प्लॅस्टिकची पेटी घरी येते.

या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठे ना कुठे खरा आहे. अडचण एवढीच, की तो जिथे खरा आहे तिथे आपण राहत नाही.

हा सल्ला अमेरिकेत जन्मला, आणि तिथली घरं कशी बांधतात ते पाहिलं की त्यातलं शहाणपण लगेच कळतं. तिथलं सर्वसाधारण घर म्हणजे लाकडी सांगाडा. सोळा-सोळा इंचांवर उभे वासे, त्यांवर अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते. भिंतीवर काही टांगायचं तर स्क्रू थेट लाकडात जातो. घराला गॅरेज असतं, परसात लाकडी ओटा बांधायचा असतो, कुंपणाच्या फळ्या बदलायच्या असतात. मजुरी इतकी महाग, की यातलं बरंचसं काम घरमालक शनिवार-रविवारी स्वतःच उरकतो. अशा माणसाचं मुख्य काम लाकडात स्क्रू पिळण्याचं, आणि परसात प्लग नाही. त्याला बॅटरीचं यंत्र वरदानच आहे. जर्मनीतल्या फाइन कंपनीनं विजेचं हातड्रिल केलं १८९५ साली, ब्लॅक अँड डेकरनं निकेल-कॅडमियम बॅटरीवरचं ड्रिल आणलं १९६१ साली आणि २००५ नंतर लिथियम-आयन बॅटऱ्यांनी या यंत्रांत खरा जीव ओतला. ही प्रगती मोठीच आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे ते तिकडच्या गरजेचं उत्तर इकडे जसंच्या तसं चिकटवण्याशी.

आता आपल्या भिंतींकडे या. जुन्या इमारतीत विटांची भिंत आणि वर सिमेंटचं प्लास्टर. त्यानंतरच्या बांधकामात राखाडी, हलके एएसी ब्लॉक, ज्यांना मिस्त्री सरसकट सायपोरेक्स म्हणतात. आणि मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत ‘माइवान’, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून भिंती आणि स्लॅब एकदमच उभे करण्याची पद्धत. तिथे वीट औषधालाही सापडत नाही. बेडरूमची आतली भिंतसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटची. त्या काँक्रीटमधली खडी कसली? आपल्या बहुतेक महाराष्ट्रात ती येते दख्खनच्या काळ्या कातळातून. किल्ल्यांचे तट ज्या दगडाचे, त्याच दगडाचे तुकडे तुमच्या पडद्याच्या दांडीमागे बसलेले असतात.

अशा भिंतीपुढे बॅटरीचं साधं ड्रिल कसं वागतं ते पाहण्यासारखं असतं. पेन्सिलीच्या खुणेवर सहा एमएमचं बिट टेकवायचं आणि चाप ओढायचा. आधी पुट्टीची पांढरी पूड गळते, मग काँक्रीटची करडी. सेंटिमीटरभर आत गेलं की आवाज बदलतो. घरघर थांबते आणि किंचाळणं सुरू होतं. बिट खडीवर पोचलेलं असतं. माणूस स्टुलावर उभा राहून अंगाचा भार टाकतो, ड्रिल फिरत राहतं, भोक काही पुढे सरकत नाही. मिनिटभरानं बिट बाहेर काढावं तर टोक निळं-काळं पडलेलं, आणि बॅटरीच्या दिव्यांतले निम्मे विझलेले. पडद्याच्या एका दांडीला अशी निदान चार भोकं लागतात.

यात ड्रिलचा दोष नाही, ते घेताना केलेल्या हिशेबाचा आहे. ‘इम्पॅक्ट’ लिहिलेल्या साध्या ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर फिरतात. दाते दात्यांवरून उड्या मारतात आणि बिटाला बारीक धक्के बसतात. मिनिटाला हजारो धक्के, पण एकेका धक्क्यात दम नाही. जोर लावायचा तो माणसाच्या खांद्यानं. विटेला तेवढं पुरतं. काँक्रीटसाठी वेगळं यंत्र असतं, रोटरी हॅमर. त्यात मोटर एक पिस्टन मागेपुढे करते, कोंडलेल्या हवेच्या दाबानं आतला ठोकळा बिटाच्या बुडावर आदळतो. धक्के कमी, पण प्रत्येक दणका खरा. त्याचं बिट चावीच्या चकमध्ये बसत नाही. बॉशनं १९७५ च्या सुमारास आणलेली एसडीएस नावाची खाचांची पकड असते, त्यात ते खटकन बसतं आणि पुढेमागे मोकळं हलतं. घरात पेलता येईल अशा वायरवाल्या हॅमरचा दणका साधारण दोन ते तीन ज्यूलचा. तीच भिंत, तेच सहा एमएमचं भोक, आणि काही सेकंदांत चाळीस एमएम आत. माणसानं यंत्र फक्त सरळ धरायचं.

म्हणून दुकानात गेल्यावर बॅटरी की वायर हा प्रश्न नंतरचा. आधी भिंत कशाची आहे ते सांगा. सायपोरेक्स असेल तर कुठलंही ड्रिल चालेल, उलट हॅमरचं बटण बंदच ठेवा, नाहीतर भोकाची गुहा होईल. वीट असेल तर साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरे. काँक्रीट असेल तर पेटीवर ज्यूलचा आकडा शोधा. तो नसेल तर ते यंत्र तुमच्या भिंतीसाठी नाही, मग त्यावर व्होल्ट कितीही लिहिलेले असोत. आणखी एक घोळ इथेच होतो. ‘इम्पॅक्ट ड्रायव्हर’ हे तिसरंच यंत्र आहे. त्याचा दणका फिरण्याच्या दिशेनं बसतो, ते स्क्रू आणि बोल्ट पिळायला बनवलेलं आहे. नावात इम्पॅक्ट दिसलं म्हणून लोक ते घरी आणतात आणि भिंतीशी झुंजत बसतात.

आता व्होल्टकडे वळू, कारण सगळ्यांत जास्त धूळफेक त्याच आकड्यात आहे. लिथियम-आयनच्या एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट. असे पाच सेल ओळीनं जोडले की १८ व्होल्ट. नुकत्याच पूर्ण चार्ज केलेल्या सेलचा दाब चार व्होल्टच्या वर असतो, म्हणून तीच पाच सेलची बॅटरी त्या क्षणी २० किंवा २१ व्होल्ट दाखवते. एक कंपनी पेटीवर १८ छापते, दुसरी ‘२० मॅक्स’ छापते, तिसरी २१. आतला ऐवज एकच. बारा व्होल्टचंही तेच: तीन सेल, म्हणजे १०.८ व्होल्ट. बॉश आधी आपल्या या बॅटऱ्यांवर १०.८ लिहीत असे, पुढे त्याच बॅटऱ्यांवर १२ आलं. इथवर निदान सगळे गणिताच्या कडेकडेनं चालतात. स्वस्त मालात मात्र ‘४८’ आणि ‘८८’ असे आकडे आणि त्यांच्यापुढे एखाददुसरं इंग्रजी अक्षर छापलेलं दिसतं. ते अक्षरच विक्रेत्याची पळवाट असते. अशी बॅटरी उघडली तर आत बहुधा तेच पाच सेल निघतात.

खरा आकडा दोन आकड्यांच्या गुणाकारात असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे वॉट-तास. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. ५ अँपिअर-तासांची जाडजूड बॅटरी घेतली तर ९०. आपल्या वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. म्हणजे ज्या मोठ्या बॅटरीसाठी आपण काही हजार रुपये मोजतो, तिच्यात एका युनिटचा दहावा हिस्साही मावत नाही. भिंतीतल्या प्लगमधून तेवढीच वीज रुपयाच्या आसपास मिळते, आणि ती संपत नाही. ६०० वॉटचं वायरवालं ड्रिल पूर्ण ताकदीनं चालतं तेव्हा जेवढी वीज ओढतं, तेवढी ३६ वॉट-तासांच्या बॅटरीतून ओढली तर ती चार मिनिटंही पुरणार नाही. बॅटरीच्या यंत्रांतली ब्रशलेस मोटर वीज काटकसरीनं वापरते हे कबूल, आणि लाकडात स्क्रू पिळताना पूर्ण ताकद लागत नाही हेही कबूल. पण काँक्रीट फोडणं, लोखंड कापणं, भिंत घासणं ही कामं वीज खातात, आणि खाणाऱ्याला शिदोरी बांधून द्यायची की चुलीजवळ बसवायचं, एवढाच हा प्रश्न आहे. आपल्या फ्लॅटमध्ये कुठल्याही भिंतीपासून प्लग दहा फुटांवर असतो.

यावर हुकमी उत्तर येतं: ‘बॅटरी एकदाच घ्यायची, मग नुसती यंत्रं स्वस्तात मिळतात.’ एकाच घराण्याची बॅटरी धरून राहा, या उपदेशाचा गाभा हाच. हे कुणासाठी खरं आहे? जो रोज सकाळी बॅटरी लावतो आणि संध्याकाळी काढतो त्याच्यासाठी. त्याची बॅटरी काम करून म्हातारी होते आणि तोवर तिनं आपली किंमत वसूल करून दिलेली असते. घरगुती बॅटरी बसून म्हातारी होते. लिथियम-आयन सेल वापरला नाही तरी झिजतो. उष्णतेत आणि पूर्ण चार्ज करून ठेवला तर अधिक लवकर. आपल्याकडे ती ठेवायची जागा म्हणजे बाल्कनीतलं कपाट किंवा पोटमाळा, आणि जळगाव-नागपूरचा मे महिना काय असतो हे सांगायला नको. उलट, पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच वर्षभर पडून राहिली की सेलचा दाब इतका खाली जातो, की चार्जर ती ओळखायलाच नकार देतो. गणपतीत तोरणासाठी भोक पाडायला पेटी उघडावी आणि लाल दिवा लुकलुकत राहावा, हे पुष्कळ घरांत घडतं. वायरवालं ड्रिल पाच वर्षांनी काढलं तरी प्लग लावताच फिरतं.

‘घराणं’ टिकतं, हाही भ्रमच. बॉशची बॅटरी मकिताला बसत नाही आणि मकिताची डिवॉल्टला बसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बॉशच्याच हिरव्या आणि निळ्या मालिकांच्या अठरा व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींना चालत नाहीत, मकिताच्याही अठरा व्होल्टमध्ये दोन वेगळे मेळ आहेत, हे बिल झाल्यावर कळतं. डिवॉल्टनं २०११ मध्ये नवी खाच आणली आणि जुन्या बॅटऱ्यांचा वंश खुंटला. मकितानं अठराच्या शेजारी चाळीस व्होल्टचं नवं घराणं उभं केलं आहे. कंपन्यांनी नवं काढूच नये असं कोण म्हणेल? पण ‘एकदा धरलं की जन्मभर’ असं सांगून विकणारा माणूस कंपनीच्या वतीनं असं वचन देतोय, जे कंपनीनं स्वतः कधीच दिलेलं नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून स्वस्तात मागवणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथला चार्जर बहुधा १२० व्होल्टचाच असतो. आपल्या २३० च्या प्लगमध्ये तो क्षणात जळतो. त्या यंत्राची वॉरंटीही इथे चालत नाही. सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकता येत नाही, आणि १०० वॉट-तासांच्या वरची असेल तर हातातल्या बॅगेतही विमान कंपनीची परवानगी लागते. एवढं करून आलेलं यंत्र इथल्या काँक्रीटपुढे पुन्हा हात टेकतं ते वेगळंच.

पेटीतल्या ‘कॉम्बो’नं आणखी एक अनर्थ केला आहे. ड्रिलबरोबर ग्राइंडर जवळजवळ फुकट मिळतो, म्हणून ज्या घराला त्याची गरज नाही तिथेही तो शिरतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. त्या चकतीच्या कडेचा वेग होतो ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. सराईत फॅब्रिकेटरसुद्धा गार्ड काढून, त्यात लाकूड कापायचं दातेरी पातं घालून तो चालवतात, आणि त्यात बोटं जातात. वायर असली तर निदान प्लग शोधेपर्यंत माणूस विचार करतो. घरातल्या माणसाला ग्राइंडर लागतो तो वर्षा-दोन वर्षांत एकदा, गेटची कडी कापायला. त्यासाठी कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरला दोनशे रुपये देणं हे शहाणपणाचं काम आहे.

दुरुस्तीचा मुद्दा तर या सल्ल्यात येतच नाही. वायरवाल्या ड्रिलच्या बाजूला दोन काळ्या टोप्या असतात. स्क्रू ड्रायव्हरनं त्या फिरवल्या की स्प्रिंगसकट कार्बनचे दोन तुकडे बाहेर येतात. घासून नखाएवढे उरले असतील तर नवे घालायचे. पाच मिनिटांचं काम, किरकोळ खर्च, आणि मेलेलं यंत्र पुन्हा चालू. मोठं काही झालं तर आर्मेचर भरून देणारा माणूस अजून प्रत्येक तालुक्याच्या गावात बसलेला आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत जुन्या मशीनचा गिअर दाखवला तर तसाच दुसरा काढून देणारा दुकानदार भेटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळमध्ये १९७६ पासून विजेची हत्यारं बनतात. केपीटीचा, म्हणजे पूर्वीच्या कुलकर्णी पॉवर टूल्सचा, तो कारखाना. हत्यार कुठे दुरुस्त होईल हे आधी विचारून मग ते घेणारी गिऱ्हाइकं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ब्रशलेस यंत्राचा कंट्रोलर गेला तर दुरुस्ती म्हणजे अख्खी पाटी बदलणं, आणि त्याची किंमत ऐकून माणूस नवं यंत्रच घेतो. जुनी बॅटरी मग कचऱ्यात जाते. २०२२ च्या नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण आपल्या गल्लीत ती जाते भंगारवाल्याच्या पोत्यात.

आता विरुद्ध बाजूचं जे खरं बळ आहे ते मान्य करायला हवं, कारण ते कमी नाही. एसी बसवणारा तंत्रज्ञ दहाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर लोंबकळत ब्रॅकेट आवळतो. त्याच्या पायांत वायर असणं म्हणजे जिवाशी खेळ. सोलर पॅनलवाला छतावर, केबलवाला खांबावर, मॉड्युलर किचनवाला वीज न आलेल्या नव्या फ्लॅटमध्ये; या सगळ्यांना बॅटरीच हवी, आणि ती दमदार हवी. या कामांत दिवसभरात शेकडो स्क्रू पिळले जातात, बॅटरी वर्षभरात वसूल होते. त्यांच्यासाठी ‘एक घराणं धरा’ हा सल्ला अगदी योग्य आहे. बॅटरीचा रोटरी हॅमरही उत्तम मिळतो. ज्याचा धंदा आहे त्यानं तो जरूर घ्यावा.

शेतकऱ्याचं तर विचारूच नका. शेतीच्या फिडरला ठरावीक तासच वीज, तीही कधी रात्रीची. बांधावर प्लग नसतोच. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशा वर्षातून दोन छाटण्या होतात आणि दोन्ही वेळा मजूर एकदमच लागतात. तिथे बॅटरीवरची कात्री मनगटं वाचवते आणि दिवसही वाचवते. ज्यांना ‘वायर बरी’ हा माझा मुद्दा शहरी वाटेल त्यांना मी म्हणेन, बरोबर आहे. तो शहरी फ्लॅटबद्दलच आहे. शहरी फ्लॅटमध्येच तर तो तिकडचा सल्ला सर्वांत जास्त खपतो.

विजेच्या भीतीचंही उत्तर देतो. वायरवाल्या यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते दुहेरी आवरणाचं असतं, म्हणून त्याला दोनच पिना असतात. वायर सोललेली नसेल आणि हात कोरडे असतील तर ते सुरक्षित आहे. ओल्या जागी मात्र बॅटरीच बरी. पण भिंतीतल्या लपलेल्या वायरवर बिट गेलं तर धोका दोन्ही यंत्रांना सारखाच. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ बाजूला भोक पाडू नये, हा नियम कुठलीही बॅटरी रद्द करत नाही.

राहिला सल्ल्याचा शेवटचा भाग: हातहत्यारं कुठलीही चालतात. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारं वाक्य हेच. लोक दहा हजारांचं ड्रिल घेतात आणि त्याला रस्त्यावरचं वीस रुपयांचं बिट लावतात. भिंतीला भिडतं ते बिट. कार्बाइडचं चांगलं टोक असलेलं बिट साध्या यंत्राला तारून नेतं. भुसभुशीत बिट उत्तम यंत्राची अब्रू घालवतं. स्क्रूचंही तसंच. बाजारातल्या काळ्या स्क्रूंच्या डोक्यावर साधी फुली असते, तिला पीएच-२ बिट लागतं. युरोपीय धाटणीच्या बिजागऱ्यांबरोबर येणाऱ्या स्क्रूंवर फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा दिसतात. त्यांना पीझेड-२ लागतं. दोन्ही बिटं दिसायला सारखी, किमतीला सारखी. चुकीचं लावलं की ते घसरतं, स्क्रूचं डोकं गोल होतं, आणि माणूस म्हणतो मशीनमध्येच दम नाही. तीस रुपयांच्या बिटानं जे सुटलं असतं त्यासाठी तो जास्त व्होल्टचं मशीन शोधायला लागतो.

विजेच्या कामाचा स्क्रू ड्रायव्हर आणि पक्कड यांवर तर जीवच अवलंबून असतो. मुठीला नुसतं रंगीत प्लॅस्टिक चढवलेली पक्कड विजेपासून वाचवत नाही. ज्यावर १००० व्होल्टची खूण आणि आयईसी ६०९०० हा मानकाचा क्रमांक कोरलेला असतो, तेवढंच हत्यार तपासून बनवलेलं असतं. नाशिकच्या सातपूरला टापरियाच्या कारखान्यात घडलेल्या पकडी आणि पाने अर्ध्या महाराष्ट्राच्या पिशव्यांत आहेत, आणि वडिलांचा पाना मुलानं वापरणं ही इथे रोजची गोष्ट आहे. बॅटरीचं कुठलं यंत्र वारसाहक्कानं मिळालेलं तुम्ही पाहिलंय? चांगली पटाशी, कानस, करवत, ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या, एवढ्यांना मिळून एका मध्यम बॅटरीएवढे पैसे लागतात. दार घासायला लागलं तर पावसाळ्यात फुगलेली कड रंध्यानं दोन हात मारून उतरते. त्यासाठी कुणी विजेचा रंधा विकत घेत असेल तर दुकानदाराचं भलं होवो.

पण हातहत्यारांच्या नावानं गळा काढणाऱ्यांशीही माझं जमत नाही. जुने सुतार गिरमिटानं भोकं पाडत, म्हणून आपणही पाडावीत, हा युक्तिवाद फक्त ज्याला स्वतः गिरमिट फिरवायचं नसतं तोच करतो. रोज आठ तास राबणाऱ्या सुताराचे खांदे आणि मनगटं पन्नाशीत कशी होतात ते त्याच्या घरी जाऊन विचारा. ज्याचा हात त्यात झिजतो त्याला यंत्र मिळायलाच हवं, बॅटरीचंही मिळायला हवं. कारागिरी हत्यार कुठलं यावर ठरत नाही, ते कुठे थांबवायचं हे कळण्यावर ठरते. पडद्याची दांडी वाकडी बसते ती ओळंबा न लावल्यानं. त्यात ड्रिलचा काही संबंध नसतो.

तेव्हा गिऱ्हाइकानं काय करावं? विटांचं किंवा सायपोरेक्सचं घर असेल तर वायरवालं साधं तेरा एमएमचं इम्पॅक्ट ड्रिल, अडीच-तीन हजारांच्या घरातलं, जन्मभर पुरेल. फर्निचरचे स्क्रू पिळायला, कपाटाची बिजागरी आवळायला सुटसुटीत हवं असेल तर बारा व्होल्टचं छोटं बॅटरीचं यंत्र घ्या. ते हलकं, स्वस्त आणि घरात पुष्कळदा हाताशी येणारं आहे. उरलेल्या पैशांत उत्तम बिटं, उत्तम पक्कड आणि तपासलेले स्क्रू ड्रायव्हर. अठरा व्होल्टची पेटी ज्याचं पोट त्यावर चालतं त्याच्यासाठी सोडा. बॅटरीचं काही घेतलंच तर ती अर्धी चार्ज करून घरातल्या सगळ्यांत थंड कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

आणि काँक्रीटच्या भिंतींसाठी लागणारा रोटरी हॅमर? तो कुणीच एकट्यानं घेऊ नये. नामवंत कंपनीचा वायरवाला हॅमर साधारण सहा ते दहा हजारांत येतो आणि एका घराला तो वर्षातून काही मिनिटं लागतो. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत वीस कपाटांत वीस दुबळी ड्रिलं पडून असतात आणि त्यांतलं एकही त्या इमारतीच्या भिंतीला पुरं पडत नाही. त्याच इमारतीत सामाईक शिडी असते, पाण्याचा पंप असतो, सतरंज्या आणि खुर्च्या असतात. सहकाराचा एवढा अभिमान असलेल्या राज्यात सामाईक हॅमर का नसावा? फ्लॅटमागे दोन-अडीचशे रुपये वर्गणी, पाच-सहा-आठ-दहा एमएमची बिटं, कानाला लावायचे बोळे, डोळ्यांचा चष्मा, वॉचमनकडे नोंदवही आणि दुपारी दोन ते चार यंत्र बंद, एवढे नियम पुरेत. गृहनिर्माण संस्थेला वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावीच लागते. पार्किंगच्या भांडणाआधी हा विषय मांडा. सूचक तुम्ही व्हा, अनुमोदक शेजारी मिळेल. त्याच्याही भिंतीत एक अर्धवट भोक असणारच.